आजीचा गंधार आणि पेटीची पट्टी



गेल्या आषाढात शाळेच्या दिंडीची तयारी चालू असताना एक प्रसंग घडला. त्यात चूक आमची, म्हणजे शिक्षकांची होती, म्हणून लेखाच्या सुरुवातीलाच तो सांगून टाकतो.

सातवीच्या मुलामुलींकडून एक अभंग बसवून घ्यायचा होता. एका मुलाने तो मोबाईलवर ऐकून पाठ केला होता आणि एका मुलीने आपल्या आजीकडून. शब्द दोघांचेही तेच आणि चालही बरीचशी तीच. पण मुलगी गंधारावर येऊन थांबली की तिचा सूर पेटीशी जुळेना. तो किंचित खाली वाटे. आम्ही तिला तीनदा थांबवले. "पेटीकडे लक्ष दे, पट्टी कुठे आहे ते ऐक," असे बजावले. चौथ्या वेळी ती गप्पच बसली आणि दुसऱ्या दिवशी सरावाला आली नाही.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या भजनी मंडळातले एक वयोवृद्ध विणेकरी मुलांना टाळ धरायला शिकवण्यासाठी शाळेत आले. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. ते म्हणाले, "बाई, पेटी जरा बंद ठेवा की. त्या पोरीला बोलवा आणि विण्यावर गाऊ दे." आम्ही मुलीला घरून बोलावून आणले. त्यांनी विणा जुळवून छेडला. मुलगी घाबरत घाबरत गायली. गंधार आला आणि विण्याच्या तारांत असा मिसळला की मागच्या बाकांवरची मुलेसुद्धा गप्प झाली. विणेकरी म्हणाले, "पोरगी बरोबर हाय. पेटीला तेवढं खाली येता येत न्हाई, त्यात तिचा काय दोष?"

आम्ही तिला सर्वांसमोर बरोबर ठरवले खरे, पण मनात प्रश्न राहिले. सूर बरोबर की चूक हे आपण ठरवतो ते कशाच्या आधारावर? कान कोण तयार करतो? आणि आजीकडून नातीकडे जे आले ते पुढे कसे जाणार? या प्रश्नांचा आम्ही जो थोडाफार अभ्यास केला, तो या पाठात मांडत आहोत.

गंधार किती खाली?

आधी थोडे गणित करू. सूर म्हणजे कंपने, हे आठवी-नववीच्या विज्ञानात आपण शिकतो. समजा आपला षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. तार सप्तकातला षड्ज त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८०. पंचम दीडपट, म्हणजे ३६०. आणि शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे ३००. ही सोपी गुणोत्तरे माणसाने केवळ कागदावर बसवलेली नाहीत. तंबोऱ्याची किंवा विण्याची एक तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक सूरही त्याच तारेतून निघतात. २४० ची पाचपट म्हणजे १२००, आणि १२०० हा वरच्या सप्तकांतला गंधारच आहे. म्हणून चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात.

आता पेटीकडे वळू. आजच्या बहुतेक पेट्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. याचा फायदा असा की कोणत्याही पट्टीचा षड्ज धरून गाता येते. पण सारखे भाग केल्यामुळे प्रत्येक सूर थोडा थोडा सरकतो. पंचम ३६० ऐवजी सुमारे ३५९.६ येतो. हा फरक कळतही नाही. गंधार मात्र ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ येतो. फरक अडीच कंपनांच्या आत आहे, पण तंबोऱ्यासमोर तो लपत नाही. ३०२.४ ची चौपट १२०९.६ होते आणि तारेतला सूर १२०० चा आहे. दोन्ही एकदम वाजले की त्यांच्यामध्ये सेकंदाला नऊ-दहा लाटा उठतात. कानाला ती थरथर जाणवते.

म्हणजे विणेकरीबुवा बोलले त्याला गणिताचा आधार आहे. मुलीच्या आजीने आयुष्यभर विण्यावर आणि एकतारीवर भजन ऐकले होते. तिचा कान तारेवर तयार झाला होता आणि आमचा पेटीवर. ज्याचा कान जिथे तयार झाला, तिथला सूर त्याला 'बरोबर' वाटतो. शिकणे आधी कानात होते आणि गळा नंतर त्याच्या मागून जातो, ही पहिली गोष्ट या प्रसंगातून आम्ही शिकलो.

आपल्याच मुलखात हा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची मोजमापे करून १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. या कामात त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानेही त्यात रस घेतला. श्रुती वाजवता येतील अशी खास पेटी तयार करण्यापर्यंत हे प्रयत्न गेले. पण ती पेटी घरोघरी पोचली नाही. बारा सुरांची पेटी स्वस्त, सोपी आणि टिकाऊ होती, तीच राहिली.

पेटीला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती जवळजवळ तीन दशके टिकली. त्या बंदीमुळे गाणे सुधारले असे काही दिसत नाही. आपल्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी याच पेटीवर आयुष्य वेचले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. चांगला पेटीवादक गायकाच्या मागे जातो. जिथे पट्टी पोचत नाही तिथे तो हात हलका करतो. आमची चूक पेटी वापरण्यात नव्हती. साथीच्या वाद्याला आम्ही परीक्षक बनवले, ही ती चूक.

तालीम म्हणजे काय?

आपल्याकडे तालीम म्हटले की लाल माती आणि दंड-बैठका आठवतात. गवयांच्या भाषेतही तोच शब्द आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'शिकवणे' एवढाच. दोन्ही तालमींची रीत मात्र एकसारखी आहे. कुस्तीचा डाव जसा पुस्तकातून येत नाही, वस्तादाच्या अंगाला अंग लावून येतो, तसे गाणे गुरूसमोर बसून येते. गुरू एक ओळ गातो, शिष्य ती पुन्हा गातो. चुकली की गुरू कारण सांगत बसत नाही, पुन्हा गातो. दहा वेळा, वीस वेळा. दरबारी कानड्यातला कोमल गंधार किती खाली आणि किती डोलता, हे सांगायला शब्द अपुरे पडतात. तो ऐकूनच घ्यावा लागतो.

आपल्या भागात ख्याल गायकी अशाच साखळीने आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) उत्तरेत राहून वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि पुढे ती विद्या घेऊन मिरज-इचलकरंजीत आले. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले. पुस्तकी शिक्षण थांबले, म्हणून ते मिरजेत बाळकृष्णबुवांपाशी गाणे शिकायला राहिले आणि कित्येक वर्षे शिकले. पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर. देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व, ज्यांचा जन्म १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. ग्वाल्हेरला निघालेले गाणे माणसामाणसांतून सुळेभावीच्या मुलापर्यंत पोचायला मध्ये अवघी तीन-चार माणसे पुरली.

दुसरी साखळी मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७). त्यांच्याकडून कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि त्यांच्याकडून गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी. गंगूबाई तालमीसाठी हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. या साखळीत किराण्याचे मुसलमान घराणे आहे, कानडी घरातली मुले आहेत आणि मिरजेची मराठी हवा आहे. सुराने कोणाला घरची भाषा विचारली नाही. सीमाभागात राहणाऱ्या आपण मुलांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या शेजारच्या कानडी घरांत वचने आणि दासरपदे अशीच आजीकडून नातवंडांकडे जातात.

तुर्कस्तानातली गोष्ट

हा प्रश्न फक्त आपलाच असेल असे आम्हांला वाटत होते. पण वाचताना तुर्कस्तानच्या पारंपरिक संगीताची माहिती मिळाली आणि जणू आपलेच घर दुसऱ्या गावात पाहिल्यासारखे वाटले.

आपल्याकडे जसे राग, तसे त्यांच्याकडे 'मकाम'. ज्या अरबी शब्दापासून हा शब्द आला, त्याच शब्दाशी आपल्या 'मुक्काम'चे नाते आहे. सूर कुठून निघतो, कुठे रेंगाळतो आणि शेवटी कुठे मुक्कामाला येतो, यावरून मकाम ओळखतात. त्यांच्या तालाला 'उसूल' म्हणतात आणि शिकण्याच्या पद्धतीला 'मेश्क'. मेश्क हा शब्द मूळचा सुलेखनातला. गुरूने काढलेले वळण पाहून शिष्याने तसेच पुन्हा पुन्हा गिरवायचे, तो मेश्क. गाण्यातही तेच. आपली अक्षरे गिरवण्याची पाटी आठवा, म्हणजे अर्थ कळेल.

मेश्कात शिष्य गुरूसमोर बसतो. आधी उसूल शिकतो. उजवा हात उजव्या गुडघ्यावर 'दुम', डावा हात डाव्या गुडघ्यावर 'तेक'. हातांनी ताल धरून मग गाण्याची एकेक ओळ गुरूच्या मागून म्हणायची. काही उसूल फार लांब असतात, 'झेंजीर' नावाच्या उसुलात १२० मात्रा असतात. एवढा मोठा ताल कागदाशिवाय लक्षात राहतो तो हातांमुळे. आपल्या दिंडीत लहान मूल अभंगाचे शब्द यायच्या आधी टाळ धरायला शिकते, त्याची येथे आठवण येते. हात आधी शिकतात, मग जीभ.

सुरांचा घोळही आपल्यासारखाच. षड्ज आणि ऋषभ यांच्यामध्ये आपल्या पेटीला एकच पट्टी असते. तुर्की शास्त्रकार तेवढ्या अंतराचे नऊ बारीक भाग करतात. त्या भागाला 'कोमा' म्हणतात. पूर्ण सप्तकात असे सुमारे ५३ कोमा होतात. विसाव्या शतकात त्यांनी यांतले २४ सूर निवडून लिहिण्याची पद्धत बसवली. तरीही 'उश्शाक' नावाच्या मकामातला दुसरा सूर कागदावर लिहिला आहे त्यापेक्षा खाली लावतात. कागद वाचून वाजवणाऱ्याला गुरू सांगतो, "अजून थोडा खाली." थोडा म्हणजे किती, ते गुरूच्या वाद्यावर ऐकून घ्यायचे. आमच्या मुलीचा गंधार आणि हा सूर यांत आम्हांला भावंडांचे साम्य दिसले.

त्यांनीही गाणे लिहिण्याचे प्रयत्न पूर्वीपासून केले. इस्तंबूलमध्ये राहिलेल्या दिमित्री कांतेमिर या मोल्दाव्हियाच्या राजपुत्राने १७०० च्या सुमारास साडेतीनशेच्या आसपास वाद्यरचना आपल्या लिपीत लिहून ठेवल्या. हाम्पारसुम लिमोंजियान (१७६८–१८३९) या आर्मेनियन संगीतकाराने नवी लिपी तयार केली. पण बहुतेक गवई पाठांतरावरच भर देत राहिले. याचा तोटाही झाला. बुहुरीजादे मुस्तफा इत्री हा त्यांचा थोर रचनाकार १७१२ साली वारला. त्याने हजारावर रचना केल्या असे सांगतात. आज त्यांतल्या चाळीसच्या आसपास उरल्या आहेत. गाणारा गेला आणि त्याच्यापाशी बसलेले कोणी नसले की गाणे त्याच्याबरोबर जाते.

मग सरकारी धोरणाचा काळ आला. इस्तंबूलमध्ये १९१७ साली 'दारुलएल्हान' ही संगीतशाळा निघाली होती. १९२६ साली तिथले तुर्की संगीताचे शिक्षण बंद झाले. १९३४ ते १९३६ या काळात आकाशवाणीवरूनही हे संगीत बंद होते. सरकारला पाश्चात्त्य पद्धतीचे संगीत हवे होते. तुर्की संगीताची सरकारी शिक्षणसंस्था इस्तंबूलमध्ये पुन्हा स्थापन झाली ती १९७५ साली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे हे संगीत कोणी सांभाळले? घरोघरच्या बैठकींनी आणि हौशी मंडळांनी. संध्याकाळी कामावरून आलेली माणसे एकत्र बसून मेश्क करीत. शाळेचे दार बंद असताना घराचे दार उघडे राहिले.

आपल्याकडचे भजनी मंडळ याहून वेगळे काय आहे? दिवसभर काम करून रात्री देवळात जमणारी माणसे, मधे विणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी, मागे बसलेली मुले. त्यांना कोणी पगार दिला नाही, कोणी परीक्षा घेतली नाही. योगायोग असा की इस्तंबूलची ती शाळा निघाली त्याच १९१७ साली आळंदीत जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथेही विद्यार्थी राहून, ऐकून, सेवा करून शिकतात.

कागद आणि तबकडी

कोणी म्हणेल, मग स्वरलिपीचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर फिरून जुन्या उस्तादांच्या चिजा जमवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. ही खूण आज शाळकरी मुलालाही वाचता येते. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली वेगळी स्वरलिपी केली. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाने इतरांना गाणे वाचता यावे म्हणून खटपट केली, हे लक्षात घ्या. ज्यांच्या घरात कोणी गवई नव्हता अशा हजारो मुलामुलींना, विशेषतः मुलींना, या शाळांमुळे गाण्याचे दार उघडले. इत्रीच्या हरवलेल्या रचना आठवल्या म्हणजे लिहून ठेवण्याचे मोल कळते.

तबकडीचेही तसेच. भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडे झाले आणि १९३३ साली घर सोडून निघाले. पण ते निघाले ते गुरूच्या शोधात. बरीच भटकंती करून अखेर सवाई गंधर्वांपाशी पोचले. कुमार गंधर्व तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. तरीही स्वतःचे गाणे घडवायला ते देवधरांच्या शाळेत राहिले, आणि पुढे देवासला माळव्याच्या बायाबापड्यांची लोकगीतेही कान देऊन शिकले. तुर्कस्तानात तांबुरी जेमिल बे (१८७३–१९१६) यांच्या तबकड्यांवरून पुढच्या कित्येक वादकांनी धडे घेतले. तबकडीने ओढ लावली. पण तबकडी चूक दाखवत नाही. "पुन्हा म्हण" असे ती सांगत नाही आणि तुमचे बरोबर आले की मान हलवत नाही.

मोबाईलवरून अभंग पाठ करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याची म्हणून आम्ही चूक मानत नाही. त्याने ओढीने शिकले. त्याला आता समोर कोणीतरी बसलेले हवे, एवढेच.

आपल्या खासबागेत

त्या मुलीच्या घरी आम्ही नंतर गेलो. आजी कांड्या भरायला बसल्या होत्या. "आजी, ही चाल तुम्हांला कोणी शिकवली?" असे विचारले. त्या हसून म्हणाल्या, "शिकवतंय कोण, बाई? सासू कांड्या भरताना म्हणायची, मी ऐकायची. मालक मागावर असायचे, ते तिकडून धरायचे." हातमागाच्या खटक्यात लय होती. एका वेळी धोटा फेकायचा, एका वेळी ओळ म्हणायची. पुढे पॉवरलूम आले. "त्या खडखडाटात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईना, मग म्हणायचं सुटलं," असे त्या म्हणाल्या.

खासबाग, वडगाव, शहापूर या विणकरांच्या वस्तीत असे किती घरांत झाले असेल, याचा विचार करा. कोणी गाण्यावर बंदी घातली नाही. गाणे कोणाला नकोसे झाले नाही. शेजारी बसून ऐकण्याची जागा तेवढी गेली. नातीने चाल शिकली ती शाळेला सुटी असताना आजीजवळ बसली म्हणून. नाहीतर तीही हुकली असती.

आणि तिने आणलेला सूर शाळेने चूक ठरवला. आम्हांला खरी टोचणी लागली ती याची. घरून घेऊन आलेली गोष्ट शाळेत चूक ठरली की मूल ती पुन्हा आणत नाही. सूर असो, बोली असो की आजीचा एखादा शब्द असो.

म्हणून येत्या वर्षी आम्ही तीन गोष्टी करू इच्छितो.

पहिली, शनिवारी शेवटचा एक तास 'तालीम' म्हणून राखून ठेवायचा. त्यात शिक्षकांनी शिकवायचे नाही. गल्लीतले विणेकरी, टाळकरी, आजी-आजोबा यांनी मुलांसमोर बसून म्हणायचे आणि मुलांनी मागून म्हणायचे. शेजारच्या कानडी आजींनी एखादे पद म्हटले तर तेही शिकायचे.

दुसरी, मुलांनी शिकलेली प्रत्येक चाल स्वरलिपीत लिहायची आणि गाणाऱ्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायची. वहीवर चाल कोणाकडून आली, त्यांनी ती कोणाकडून घेतली, हेही लिहायचे. म्हणजे साखळी दिसेल.

तिसरी, शाळेसाठी एक तंबोरा. मिरजेचे शिकलगार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पंढरपूरकडच्या भोपळ्यांचे तंबोरे घडवत आले आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची जवारी लावणे ही विद्याही बाप-लेकांत बसूनच शिकली जाते. विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की पुढच्या अंदाजपत्रकात या वाद्याचा विचार व्हावा. पेटी आहे, ती राहीलच. पण मुलांचा कान तारेवर तयार व्हायला हवा.

पालकांना एवढेच सांगणे आहे की घरात कोणी म्हातारे माणूस गुणगुणत असेल तर टीव्हीचा आवाज थोडा कमी करा आणि मुलाला त्यांच्याजवळ बसू द्या. परीक्षेत याचे गुण मिळणार नाहीत. पण इत्रीच्या नऊशे-साडेनऊशे रचना ज्या वाटेने गेल्या, त्या वाटेने आपल्या गल्लीतल्या चाली जाऊ नयेत, असे वाटत असेल तर हाच काळ आहे. सासूकडून चाल घेतलेल्या पिढीतली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

ती मुलगी दिंडीत गायली. पेटी मागे ठेवली होती आणि पुढे विणा होता. आजी देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. गंधार आला तेव्हा त्यांनी मान हलवली. आम्ही तिला दिलेल्या कोणत्याही शाबासकीपेक्षा ती मान तिला अधिक कळली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले.

स्वाध्याय

१. षड्ज २०० कंपनांचा धरला तर पंचम, शुद्ध गंधार आणि तार षड्ज किती कंपनांचे होतील ते काढा.

२. घरातील किंवा गल्लीतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक ओवी, अभंग, पद किंवा पाळणा ऐकून पाठ करा. आधी ऐका, नंतर लिहा.

३. ते गाणे त्यांनी कोणाकडून, कोणत्या गावी, कोणते काम करताना शिकले ते विचारून चार ओळी लिहा.

४. तेच गाणे मोबाईलवर मिळाले तर दोन्ही ऐका. कुठे फरक वाटतो ते लिहा. कोणते बरोबर, हा निर्णय लगेच देऊ नका.

५. गुडघ्यावर हात मारून भजनी ठेका धरा आणि तो न सोडता पाठ असलेला अभंग म्हणा. शब्द आधी चुकतात की हात, ते पाहा.

वह्या शनिवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. शक्य असेल तर ज्यांच्याकडून शिकलात त्यांनाही बरोबर घेऊन यावे.